पाइपावरचे दोन टोले

वर फोन वाजला तसा भालचंद्रने उठून कूलर बंद केला. जूनची संध्याकाळ होती, पिपलानीतल्या त्या कारखान्याच्या क्वार्टरच्या भिंती अजून तापलेल्या होत्या, आणि हा गृहस्थ मान वर करून छताकडे बघत उभा होता. घंटी थांबली. मग बाहेरच्या पाण्याच्या पाइपावर टोला पडला. एकच. म्हणजे फोन शेजारच्या अरविंदचा. भालचंद्र खाली बसला. त्याच्या बायकोने, मंगलाने, पदराने मान पुसली आणि कूलर पुन्हा सुरू केला.

त्या ब्लॉकमध्ये फोन एकच, वरच्या मजल्यावर, पाटणकर साहेबांकडे. सगळ्यांचे नातेवाईक त्याच नंबरावर फोन करायचे. आधी छतातून घंटी ऐकू यायची, मग साहेबांच्या पत्नी वसुधावहिनी उलथन्याने पाइप वाजवून ज्याला त्याला बोलवायच्या. अरविंदला एक टोला, भालचंद्रला दोन. आलेला फोन कुणीही घ्यावा, साहेबांची ना नव्हती. करायची मात्र सोय नव्हती. डायलला चिमुकलं कुलूप असायचं आणि त्याची किल्ली साहेबांच्या जानव्याला. बिल आलं की दोन दिवस घरात कुणाशी बोलत नाहीत, असं वहिनीच हसत सांगायच्या.

हे साहेब घरी छतावर तसे कारखान्यातही भालचंद्रच्या डोक्यावर होते. टेस्टिंगचं काम त्याला हाताला धरून त्यांनीच शिकवलं. माझ्यानंतर हाच सांभाळेल, असं ते चारचौघांत बोलून दाखवायचे. आणि भालचंद्र गेल्या महिन्यात पुण्याला मावसभावाच्या मुलाची मुंज आहे असं सांगून रजेवर गेला, तो तिथल्या एका खासगी कंपनीत मुलाखत द्यायला. मुलाखत झकास झाली. निवड झाली तर आम्हीच कळवू, फोन नंबर द्या, असं तिथला माणूस म्हणाला आणि याच्या तोंडून सवयीने साहेबांचाच नंबर बाहेर पडला. दुसरा कुठला त्याला पाठही नव्हता. त्या नसलेल्या मुंजीसाठी वहिनींनी बटूला म्हणून दिलेला तांब्या अजून फडताळात होता. वापरायची सोय नव्हती आणि परत द्यायचीही नव्हती.

तेव्हापासून त्याचं कशात लक्ष लागेना. साहेबांना दुसरीकडून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळू दे, असं मंगला रोज म्हणायची. त्याला ते पटायचं, आणि चहा संपेपर्यंत पटेनासं व्हायचं. बढतीच्या यादीत नाव घालणं साहेबांच्या हातात होतं. पुणं हुकलं आणि इथंही साहेब बिनसले, तर तो ना इकडचा राहणार होता ना तिकडचा. पण खरं सांगायचं तर त्याला भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती. एक माणूस आपल्याला घरातला समजतो, आणि आपण त्याच्याच फोनकडे कान लावून पळायची वाट बघतोय, हे त्याला सहन होत नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी तो वर गेला. ठरवून, इस्त्रीचा शर्ट घालून गेला. साहेब सकाळचाच पेपर पुन्हा वाचत होते. वहिनींनी पन्हं दिलं. साहेबांनी मुंजीची चौकशी केली, पुण्याची हवा कशी आहे ते विचारलं, बटूला तांब्या आवडला का तेही विचारलं. भालचंद्र घाम पुसत हो हो करत राहिला. मग साहेबांनी चष्मा काढून हातात धरला.

"भालचंद्र, काही सांगायचं होतं का?"

शब्द ओठांपर्यंत आले होते.

"नाही साहेब, बस, असंच," तो म्हणाला. "नागपूरहून मेव्हण्याचा फोन यायचाय. तेवढं सांगून ठेवावं म्हटलं."

"अच्छा," असं म्हणून साहेबांनी चष्मा लावला आणि पेपरात डोकं घातलं.

जिना उतरताना भालचंद्रला स्वतःचीच चीड आली. घरात येऊन त्याने कूलर बंद केला, शर्ट खुंटीला अडकवला आणि मंगलाची नजर चुकवत खुर्चीत बसून राहिला. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. साहेबांची पावलं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली. मग बराच वेळ काहीच नाही. आणि एकदम पाइपावर दोन टोले पडले.

तो बनियनवरच धावला. अर्ध्या जिन्यात त्याला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं, पण काय ते उमगेना. वरचं दार उघडं होतं. बैठकीच्या खोलीत कुणी नव्हतं. रिसीव्हर टेबलावर काढून ठेवलेला होता. बाल्कनीचं जाळीचं दार पलीकडून ओढून घेतलेलं होतं आणि जाळीतून साहेबांची पाठ दिसत होती. ते मोगऱ्याला पाणी घालत होते. कुंडीतून पाणी वाहून चाललं होतं, तरी घालतच होते.

त्याने रिसीव्हर कानाला लावला. पुण्याचा तो माणूस होता. अभिनंदन, म्हणाला.

"सोमवारीच केला होता आम्ही फोन. तुमचे साहेब म्हणाले, थोडे दिवस थांबा, तो मला स्वतः सांगेल, मग मीच तुम्हाला लावून देतो. आज शेवटचा दिवस होता, बरं झालं त्यांनी लावला. मग, येताय ना?"

भालचंद्रची नजर फोनवर गेली. डायलचं चिमुकलं कुलूप शेजारी उघडं पडलं होतं, किल्ली त्यातच होती. जिन्यात काय राहून गेलं होतं ते त्याला आता कळलं. वर घंटी वाजलीच नव्हती.

त्याने पुन्हा जाळीतून पाहिलं. साहेबांनी मागे वळून बघितलं नाही.

"एक मिनिट थांबा," तो फोनवर म्हणाला. "मी अजून साहेबांना सांगितलेलं नाही."