उभ्यानं भागाकार

महागावजवळच्या जिल्हा परिषद शाळेत रुपाली मॅडमच्या तिसरीतली सुरभी एका जागी टिकायचीच नाही. उठायची, पोरांना ढकलायची. ‘दोन छड्या द्या, सुधरते,’ तिचे वडील म्हणत. पण प्रशिक्षणात मॅडमना उमगलं होतं, हा आगाऊपणा नव्हे. पोरीला बसवतच नाही. त्यांनी तिला उभ्यानं गणितं सोडवायची मुभा दिली आणि वर्गालाही समजावलं. आज तपासणीला आलेले साहेब तिला उभी बघून म्हणाले, ‘खाली बस.’ सुरभी बसली, पाय आपटू लागली. पाटी भिरकावणार तोच वर्गातला आयुष उठला. तिनं एकदा त्यालाच कडकडून चावा घेतला होता. ‘सर, तिले उभं राहू द्या. ते आगाऊ नाही. उभ्यानंच तिचं डोकं चालते.’ साहेबांनी होकार दिला. सुरभीनं उभ्यानं पाटीवरचा भागाकार सोडवला. ‘पोरं हे कुठं शिकली?’ साहेबांनी विचारलं. मॅडम ताठ मानेनं म्हणाल्या, ‘माझ्या वर्गात, सर.’