सवतीची बरणी

चीनमधल्या शिनहुईत संत्र्याची वाळवलेली साल औषधाला काय नि सुपाला काय, जितकी जुनी तितकी गुणी. पण खोकल्याने जीव मेटाकुटीला आला तरी क्वोक-लाम बाजारातली साल उकळून प्यायचा. पहिल्या बायकोने भरून ठेवलेल्या बरणीला तो कुणाला हात लावू देत नसे. फक्त हिवाळ्यात एकेक साल स्वतः उन्हात मांडायचा आणि संध्याकाळी पुन्हा बरणीत भरायचा. पहिली जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"माझ्या सुपाला तुम्ही कधी चांगलं म्हटलं नाही," दुसरी बायको फुंग-यी म्हणायची.

"बरं असतं की. तिच्या हाताची गोष्ट वेगळी."

एका रविवारी तो बागेत गेला आणि फुंग-यीने बरणी उपडी केली. चार साली बदकाच्या सुपात टाकल्या, जाऊ दे त्याची लाडकी त्याच्याच पोटात. बाकीच्या सगळ्या चुलीत. एकदाची सवत घराबाहेर गेली, म्हणत तिने हात धुतले.

दुपारी क्वोक-लामने पहिला घोट घेतला आणि थांबला. मग दुसरा वाडगा मागितला. मग तिसरा.

"खरं सांगू? आज तू तिलाही मागे टाकलंस. पुढच्या रविवारी माझी ताई येतेय, अगदी अस्संच कर."

हे ऐकायला फुंग-यी सहा वर्षं थांबली होती. तिने चुलीतल्या राखेकडे पाहिलं. सवतीला मागे टाकणारी सवतच होती, बरणीत नऊ वर्षं आणखी मुरलेली.