वाटेवरचा चहा

मागच्या खेपेला पालच्या जंगलातली हरणं पाहायला निघालेली गाडी बामणोदला चहा, फैजपूरला पोहे आणि सावद्याला जेवण करून तशीच जळगावला परत आली होती. सोयऱ्यांच्या गावावरून चहा न घेता जायचं नाही, हा उखर्डू आबांचा नेम. पोरांनी हरणं पाहिली ती घरी, मोबाइलवर.

या रविवारी जितेंद्रने वडिलांना निघतानाच बजावलं, "आबा, वाटेत कोणाकडेही थांबायचं नाही." काचा वर केल्या आणि आबांना मागे दोन्ही पोरांच्या मधोमध बसवलं. आबा नातीच्या फोनात डोकं घालून बसले. तिन्ही गावं मागे पडली. म्हातारा सुधारला, असं जितेंद्रला वाटलं.

पालला गाडी थांबली. झाडाखाली सतरंजी अंथरलेली होती. थर्मास उघडून बामणोदची आत्या, फैजपूरचे मामा आणि खुद्द जितेंद्रचे सावद्याचे सासरे वाट पाहत बसले होते.

जितेंद्रने वळून आबांकडे पाहिलं.

"मी थांबलो का कुठी?" सीटखाली चप्पल शोधत आबा म्हणाले. "पोरीले फक्त मेसेज टाकाले लावला, का आमच्या जितूले थांबाले वेळ नाही, तुम्हीच पुढे व्हा."