दारफळणीचा सण

दाराची कडी वाजली. उपासामुळे घर इतकं गप्प होतं, की छोटी शुलामीत दचकून आईच्या पांढऱ्या पदराला बिलगली.

"उघडायचं नाही," आई कुजबुजली. "आज दारफळणी. आपण बेने इस्राएलांनी दारं लावून देवाची माफी मागायची. बाहेरच्यांशी बोलायचंसुद्धा नाही."

"वहिनी, मी आलेय," बाहेरून आत्या म्हणाली. "चुकलं माझं."

"बरी आजच सुचली," आई पुटपुटली. "हिला सणाचंही भान नाही."

मागे आईने मांडलेल्या नवसाच्या मलिद्याच्या ताटातला नारळ खवट आहे, असं आत्या चारचौघांत म्हणाली होती. तुझ्या जिभेइतका नाही, असं आई म्हणाली होती. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. नारळ खवट होता, हे आईला तेव्हाही माहीत होतं.

आत्या पायरीवर बसल्याचं ऐकू आलं. आई उठली, कडीपाशी गेली आणि तिथेच उभी राहिली.

"काल तूच शिकवलंस ना," शुलामीत म्हणाली, "माणसाचं मन दुखवलं तर देव माफ करत नाही, त्या माणसाकडेच जावं लागतं?"

"हो."

"मग दार उघडलं तर पाप लागेल, की नाही उघडलं तर?"