हे घर विकायचे नाही

लागोसात घराला कुलूप लावून चार दिवस बाहेरगावी गेलात, की भामटे ते परस्पर विकून मोकळे होतात. म्हणून बहिणीच्या मयतीला निघण्याआधी मासळीवाल्या सेनामीनं खाडीकाठच्या आपल्या घरावर लाल रंगात ठळक लिहून घेतलं, 'हे घर विकायचे नाही.'

"तुझ्या या खुराड्याला गिऱ्हाईक तरी कोण मिळणार गं?" शेजारीण हसली.

"हस तू. तुझं विकलं गेलं की माझ्याच दारात रडत येशील."

ती परतली तेव्हा ना शेजारीण होती, ना तिचं घर. बुलडोझरनं अख्खी वस्ती आडवी केली होती. उभी होती फक्त ती लिहिलेली भिंत, आणि तिच्या सावलीत डबा खात बसला होता बुलडोझरचा ड्रायव्हर.

"सगळं पाडलंस, मग हिलाच कशाला ठेवलीस रे मेल्या?" सेनामी किंचाळली.

त्यानं डबा खाली ठेवला.

"जेवण होईपर्यंत राहू दे म्हटलं, मावशी. आमच्याही घरावर हेच लिहिलेलं होतं."