आईचा कढीपत्ता

आई गेल्यानंतर रेणुका पहिल्यांदाच जालन्याहून शेतातल्या घरी आली, आणि चहाही न घेता न्हाणीजवळच्या कढीपत्त्याकडे गेली. फवारणीच्या आदल्या दिवशी आई मोसंबीच्या रोपांवरच्या हिरव्या अळ्या दुरडीत वेचून आणायची आणि या झाडावर सोडायची. झाड कायम खराट्यासारखं उघडं असायचं. “आमटीला चार पानं मिळंनात, अन् ही फुलपाखरं पोसून राह्यली,” म्हणून रेणुकाचे वडील, अण्णा, करवादायचे.

आज झाड पानांनी गच्च होतं. रेणुकाने एकेक फांदी वाकवून, पानं उलटून पाहिली. अळी तर नव्हतीच, पण एक पानही कुरतडलेलं नव्हतं.

“झालं ना तुमच्या मनासारखं?” ती मागे उभ्या असलेल्या अण्णांना म्हणाली. “एक दिवस थांबून, अळ्या वेचून मग फवारलं असतं तर काय बिघडलं असतं?”

अण्णा मोसंबीकडे वळले.

“औंदा फवाराच न्हाई मारला म्या, बाई. रोज सकाळी तिची दुरडी घेऊन मोसंबीत जातो. एक अळी घावंना. रिकामीच आणतो.”