लाल पेन्सिल

छापखान्यात मी तीस वर्षं लाल पेन्सिलीने प्रुफं तपासली. लेकीच्या पहिल्या कादंबरीत आमच्याच घरातली भांडणं जशीच्या तशी वाचली आणि तिच्याशी बोलणं टाकलं. पुढे तिने पोस्टाने पुडकं पाठवलं. दुसरी कादंबरी छापून आली असणार, असं समजून मी ते न सोडताच कपाटात टाकलं. ती आजारपणात गेली तेव्हाही उघडायचा धीर झाला नाही. परवा तिचे प्रकाशक सांगत आले, "मावशी, ताईंच्या दुसऱ्या कादंबरीला पुरस्कार मिळाला. सात वर्षं हस्तलिखित मागत होतो. हसून म्हणायच्या, 'आई तपासतेय.' त्या गेल्यावर त्यांच्याकडची प्रत छापली." मी पुडक्याची सुतळी सोडली. आत हस्तलिखित होतं, वर चिठ्ठी: "आई, खुपेल ते खोड. तुझ्या होकाराशिवाय छापायला देणार नाही." सोबत लाल पेन्सिल होती, नवीकोरी, टोक काढून ठेवलेली.